मोडीची पानं, परदेशी भागीदार आणि आपलं नाव

डिजिटल मानव्यविद्येत, म्हणजे इतिहास-साहित्याच्या अभ्यासाला संगणकाची जोड देणाऱ्या क्षेत्रात, नव्याने आलेल्यांना पहिलं परदेशी निमंत्रण येतं, ते बहुतेक वेळा एकाच धाटणीचं असतं: तुमच्याकडे कागदपत्रं आहेत, आमच्याकडे तंत्र आणि निधी आहे, मिळून काम करू. वाचून हरखून जायला होतं आणि त्यात गैर काहीच नाही. पण त्या वाक्यातच कामाची वाटणी होऊन गेलेली असते: सामग्री आपली, विचार त्यांचा. होकार कळवण्याआधी ही वाटणी बदलून घ्या. निधी मंजूर झाल्यावर ती बदलणं फार अवघड जातं.

मी मोडी कागदपत्रांच्या यांत्रिक वाचनावर काम करते. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागद कोट्यवधींच्या संख्येने आहेत आणि ते सराईतपणे वाचणारी माणसं मोजकी. संगणकावर जगभरच्या लिप्या लिहिण्याची जी सामायिक अक्षरसंहिता आहे, त्या युनिकोडमध्ये मोडी आली ती २०१४ साली. ट्रान्सक्रिबस किंवा ई-स्क्रिप्टोरियम यांसारखी हस्तलिखितं यंत्राकडून वाचून घेणारी, युरोपात घडलेली साधनं उत्तम आहेत, पण यंत्राला शिकवायचं तर आधी माणसाने वाचून दिलेली पानं लागतात. ती वाचणार इथलाच मोडीवाचक. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, मग तिच्याखाली अक्षरं येतात आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. कुठला शब्द कुठे संपला हे ठरवायला त्या काळची भाषा आणि व्यवहार दोन्ही माहीत असावे लागतात.

एका पत्रात ‘सलास सबैन मया व अलफ’ असं आलं होतं. युरोपातल्या सहकाऱ्याने ते व्यक्तीचं नाव समजून तशी खूण केली. आमच्याबरोबर काम करणारे ज्येष्ठ मोडीवाचक म्हणाले, “अहो, हे साल आहे. सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. सुहूर सन ११७३.” मराठी दप्तरांत अरबी अंकनावांनी लिहिली जाणारी ही कालगणना; म्हणजे इ.स. १७७२-७३. त्या दिवशी सगळ्या पानांसाठी सुहूर सनाचा वेगळा रकाना तयार झाला आणि पुढची कालगणना त्यावरच उभी राहिली. असं काम करणाऱ्या माणसाचं नाव शेवटच्या आभारांच्या ओळीत टाकायचं? ते लेखकांच्या यादीतच हवं. आम्ही तसं करारात लिहून घेतलं आणि समोरच्यांनी आनंदाने मान्य केलं. मागितलं नाही तर मात्र आपण होऊन क्वचितच कुणी देतं, कारण त्यांच्याकडे ‘लिप्यंतर करणारा’ ही वेगळी, खालची पायरी मानायची सवय असते.

दुसरी लिहून घ्यायची गोष्ट म्हणजे प्रती. ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दप्तरांसाठीचा कार्यक्रम २००४पासून चालू आहे. त्याचा नियम मला पटतो: मूळ कागद देशाबाहेर न्यायचे नाहीत आणि डिजिटल प्रत स्थानिक संस्थेतही ठेवायची. ऑक्टोबर २०२३मध्ये त्याच लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली डिजिटल हस्तलिखितं कित्येक महिने पाहता येईनात. तेव्हा मूळ आकाराच्या फाइली आपल्या संस्थेच्या डिस्कवर हव्यातच. नुसती लिंक पुरत नाही.

पैशाचं आधी लेखा विभागात जाऊन विचारा, मग अर्ज लिहा. आपली संस्था ट्रस्ट असेल तर परदेशी अनुदानासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी लागते. २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते आणि पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. हे परदेशातल्या भागीदाराला ठाऊक नसतं. तो अर्जात सहज लिहितो की पुण्याची संस्था गावातल्या छोट्या संग्रहालयाला त्याचा वाटा देईल. तसं करता येत नाही, म्हणून अर्ज जाण्याआधीच रचना बदलावी लागते. प्रवासाचंही तसंच. ‘आधी खर्च करा, नंतर परतफेड’ ही पद्धत पगारदार प्राध्यापकाला झेपते, शिष्यवृत्तीवरच्या मुलीला नाही. तिकीट त्यांनीच काढावं असं स्पष्ट सांगा. यात संकोच बाळगू नका.

बैठकीची वेळ म्हणजे किरकोळ बाब, असं वाटतं. पण उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा जर्मनीत दुपारचे तीन आणि मेक्सिको सिटीत सकाळचे सात वाजलेले असतात. तिघांनाही चालेल अशी ही वेळ. दर वेळी रात्री जागायची पाळी एकाच देशावर येत असेल तर ते बोलून दाखवा. कॅमेरे बंद ठेवायची मुभा असू द्या आणि चर्चेचं टिपण त्याच दिवशी लेखी फिरवा. नेट तुटलेल्या माणसालाही मग निर्णयात भाग घेता येतो.

भागीदार फक्त श्रीमंत देशांतच शोधायचे, हेही कुठे लिहिलेलं नाही. जागतिक डिजिटल मानव्यविद्या संघटनांच्या छत्राखाली २०१३मध्ये ‘ग्लोबल आउटलुक’ हा गट नेमका श्रीमंत आणि गरीब देशांतल्या अभ्यासकांमधल्या दरीवर काम करायला सुरू झाला. या क्षेत्राच्या जागतिक परिषदेत, २०१४मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला, त्याच्या स्वयंसेवकांनी शेजारी बसून कुजबुजत अनुवाद करून दिला. २०१८ची परिषद मेक्सिको सिटीत भरली, इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही. कमी बँडविड्थ आणि जुनी यंत्रं गृहीत धरून संकेतस्थळं बांधायचा ‘मिनिमल कम्प्युटिंग’चा विचार याच गटात वाढला. आमचा संग्रह आम्ही तसाच, साध्या स्थिर पानांचा केला आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात मोबाइलवरही तो उघडतो आणि सर्व्हरचं भाडं नगण्य. जाधवपूर विद्यापीठाने २०१३मध्ये रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांचा ‘बिचित्रा’ हा कोश उभा केला, तोही जरूर पाहा. पाठभेद जुळवण्याचं तंत्र तिथेच, बंगालीसाठी घडवलेलं आहे.

लेख कुठे छापायचा हेही सुरुवातीलाच ठरवा. प्रकाशनशुल्क मागणारी नियतकालिकं इथल्या बहुतेकांना परवडत नाहीत. ‘डिजिटल ह्युमॅनिटीज क्वार्टर्ली’ लेखकाकडून पैसे घेत नाही आणि वाचकाकडूनही नाही. आमचा पुढचा लेख आम्ही तिकडेच पाठवतो आहोत, मोडीवाचकांच्या नावासह.