चहात या चुका टाळा, निदान चवथीला तरी

आलं घातल्यावर दूध फाटलं की आमच्याकडे शिव्या दुधवाल्याला. बिचारा दुधवाला! नव्वद टक्के वेळा गुन्हेगार ओट्यापाशीच उभा असतो.

मागे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशी आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी आरतीला वाड्यावरची चौदा माणसं जमली होती. पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, "मामी, आज चहा माझ्याकडे." मी नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, ताटं भरत होते, हो म्हटलं. पठ्ठ्यानं वेळ वाचवायला थंड दूध, पाणी, किसलेलं आलं, चहापूड सगळं एकदम पातेल्यात ओतलं, वर हळदीच्या पानातल्या पातोळ्यांसाठी आणलेला माडाचा गूळही ढकलला. थोड्या वेळानं पाहते तो चोथा एकीकडे, तांबूस पाणी दुसरीकडे. दीड लिटर दूध गेलं आणि त्या दिवशी दुकान कुठलं उघडं? मंडळींनी कोरा चहा घेतला. कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

कच्च्या आल्यात दूध थिजवणारं एन्झाइम असतं. दूध साठ अंशांच्या आसपास तापलं की ते जोरात कामाला लागतं. चीनच्या ग्वांगडाँगमध्ये आल्याचा रस घालून मुद्दाम दूध थिजवून खातात, आपल्याला चहा हवाय. उकळत्या पाण्यात हे एन्झाइम मरतं. म्हणून मी आलं ठेचून आधी नुसत्या पाण्यात चारेक मिनिटं खळखळू देते, मग पूड, मग तापवलेलं दूध. गूळ गॅस बंद केल्यावरच. माडाचा गूळ तर खारटसर, तो पातोळ्यांतच शोभतो.

दुसरी चूक पावसाळ्यातली. पूड वास ओढून घेते. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी सुंगटां (कोळंबी) आणि चहाचा डबा एकाच फळीवर ठेवणाऱ्यांनी मग "यंदा पत्ती बरी नाही" म्हणू नये. गॅसच्या वरच्या फळीवरही नको, वाफेनं ढेकळं होतात. माझा डबा घट्ट झाकणाचा स्टीलचा, त्यात कोरडा चमचा, आणि पूड पाव किलोच्या वर आणत नाही.

चहा कडक हवा तर पूड वाढवा, उकळण्याचा वेळ नको. बारीक दाण्याची सीटीसी पूड दोन-तीन मिनिटांत रंग सोडते, पुढं नुसता कडवटपणा. गवती चहा शेवटी. गाळणी चमच्यानं पिळू नका. चोथ्यावर पुन्हा पाणी घालून पाहुण्यांना देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्याकडे पाणी पिते.

पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाड्याच्या टोकाला वाजला की मी आधण ठेवते. उंडे, म्हणजे गोल पाव, हातात येईपर्यंत आलं उकळलेलं असतं. भाच्यानं विचारलं, "मामी, पोदेर आला नाही त्या दिवशी?"

त्या दिवशी घड्याळ बघ, बाबा.