दिवाळीला फोन कुणाला, मेसेज कुणाला: चिठ्ठी करायची पद्धत

आमच्या नाशिकमधल्या सातपूरच्या घरी फोन यायच्या आधी दिवाळीचा फोन म्हणजे एसटीडी बूथ. लक्ष्मीपूजन आटोपलं की बाबा शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी घालून निघायचे, मी त्यांच्या मागे, बूथवर ही रांग, काचेच्या खोलीत मीटरचे लाल आकडे पळताहेत आणि बाबांच्या चिठ्ठीवर ओळीने नावं, नागपूरची आत्या, इंदूरचे काका, आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द, "गुडघा" नाहीतर "दहावी". पैसे मोजून बोलायचं तर काय विचारायचं ते आधीच ठरलेलं असायचं. आता कॉलचे वेगळे पैसे लागत नाहीत, पण मी अजून तशीच चिठ्ठी करते आणि ती कशी करायची तेच सांगते.

वसुबारसेला कागद-पेन घेऊन बसा. कॉन्टॅक्ट लिस्ट आधी उघडू नका. जी नावं आपोआप आठवतील ती लिहा, ही फोनची माणसं. नंतर लिस्ट चाळा आणि जे एकटे राहतात, आजारी आहेत, ते यात घाला. आणि ज्यांच्या घरी यंदा कुणी गेलंय त्यांची नावं सगळ्यात वर. आपल्याकडे वर्षाच्या आत सण करत नाहीत, शेजारीपाजारी फराळ नेऊन देतात, अशा घरात दिव्यांचा आणि फटाक्यांचा जीआयएफ जाऊन पडला की खूप लागतं माणसाला. मी हे पाहिलंय, माझ्या मामींना मामा गेले त्या वर्षी ढीगभर "शुभ दीपावली" आले आणि फोन आले फक्त दोन. त्यामुळे या घरांना शुभेच्छा हा शब्दच नको, फोन करायचा, "जेवलात का, कोण आहे सोबत" विचारायचं, आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, टाळायचं नाही.

आता वेळ. नरक चतुर्दशीला पहाटे सगळे अभ्यंगस्नानात, तेव्हा नको. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मेन रोड, रविवार कारंजाकडच्या दुकानदारांना अजिबात नको, त्यांचं वहीपूजन चालू असतं. दिंडोरी, निफाडकडचे द्राक्षवाले नातेवाईक असतील तर गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, नुकतीच झालेली असते, दिवसभर बागेत फवारणी, म्हणून त्यांना रात्री आठनंतर, आणि पहिला प्रश्न पावसाचा, बाकी सगळं नंतर. अमेरिकेत मुलगा-मुलगी असेल तर न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे घेतात, मग साडेदहा तास होतात, आणि दिवाळी नेमकी त्याच्या आगेमागे येते, तेव्हा बघून लावा. पाडव्याची दुपार सगळ्यात चांगली, सगळे जेवून निवांत असतात.

मेसेजचं थोडं वेगळं आहे. जगातला पहिला एसएमएसच सणाचा होता, 3 डिसेंबर 1992 ला इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या इंजिनियरने कॉम्प्युटरवरून पाठवलेला, "मेरी ख्रिसमस", बस एवढंच. आपल्याकडे एसएमएस आले तेव्हा इंग्रजी अक्षरात 160 जागा मिळायच्या आणि देवनागरीत 70च, म्हणून आपण सगळे मराठी रोमनमध्ये टाइप करायला लागलो. त्यात सणाला कंपन्यांचे ब्लॅकआऊट डे, पॅक असला तरी त्या दिवशी प्रत्येक एसएमएसचे पूर्ण पैसे, म्हणून आम्ही मैत्रिणी आदल्या दिवशीच पाठवून मोकळ्या व्हायचो. तेव्हाही कुणाला पाठवायचा ते मोजून ठरवावं लागायचं. आता तसं नाही, सगळ्यांना सगळं पाठवता येतं, आणि म्हणूनच चिठ्ठीवर दुसरा रकाना करायचा, नाव आणि त्या माणसाची एक गोष्ट. मेसेज असा: "वहिनी, तुम्ही सांगितलेल्या प्रमाणाने भाजणी केली, चकली एकही तुटली नाही. दिवाळीच्या खूप शुभेच्छा." दोन ओळी पुरतात. फोटो पाठवायचाच तर तुमच्या दारातल्या रांगोळीचा.

ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांना व्हॉइस मेसेज. व्हॉट्सॅपमध्ये माइकचं बटण दाबून वर सरकवलं की लॉक होतं, बोट धरून ठेवावं लागत नाही. आधी नातं घेऊन हाक मारा, "आत्या, मी बोलतेय", मग बाकीचं, मिनिटाच्या आत, आणि मिक्सर चालू असताना नको.

उरलेल्यांना, म्हणजे ऑफिस, सोसायटी, जुने क्लासवाले, व्हॉट्सॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट चालते, एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो. त्यात 256 जण बसतात पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, हे लक्षात ठेवा, नाहीतर पाठवला असं समजून बसाल. हा मेसेज स्वतः लिहा, फॉरवर्ड नको.

आणि एक, शुभेच्छांच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी, फसवणुकीची असू शकते) आली तर ओळखीच्या नंबरवरून आली असली तरी उघडायची नाही, आई-बाबांना हे समोर बसवून दाखवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

संक्रांतीलाही हेच सगळं चालतं. रंगपंचमीला मात्र नाशिकमध्ये दुपारी फोन लावू नका, अर्धं गाव रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारायला गेलेलं असतं आणि फोन घरी, संध्याकाळी लावा.

फोन झाला की चिठ्ठीवर टिक करा आणि काय कळलं ते बाजूला लिहा, "ऑपरेशन डिसेंबरमध्ये", "नात झाली", पुढच्या वर्षी तिथूनच बोलणं सुरू होतं. कागद देवघराच्या खणात ठेवा. राहिलेली नावं तुळशीच्या लग्नापर्यंत पूर्ण करा, उशीर झाला म्हणून कुणी रागावत नाही. संक्रांतीची मुदत तर रथसप्तमीपर्यंत असते.