दहावीचा अपठित उतारा आणि रसग्रहण

राज्य मंडळाच्या दहावीच्या कुमारभारती (मराठी प्रथम भाषा) कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, लेखी ८० गुणांपैकी अपठित गद्याला (पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला) ४ आणि रसग्रहणाला (कवितेच्या ओळींतले सौंदर्य उलगडण्याला) ४ गुण असतात. गुण थोडे, म्हणून तयारी शेवटच्या महिन्यावर ढकलली जाते. पण इथे लागणारी नजर पठित उताऱ्यांतल्या आकलन आणि स्वमताच्या कृतींनाही लागते, त्यामुळे ती आधी कमावलेली बरी.

उताऱ्याआधी कृती, म्हणजे त्यावरचे प्रश्न, वाचा. मग उतारा पेन्सिल खाली ठेवून एकदा सलग वाचा. दुसऱ्या वाचनात कृतीने विचारलेल्या जागांखालीच रेघ मारा. अर्धा उतारा अधोरेखित झाला तर रेघांचा उपयोग संपतो. 'पण', 'तरी', 'मात्र' या शब्दांपाशी थांबा. लेखकाचे खरे म्हणणे बहुधा त्यांच्या पुढे असते आणि घाईत वाचणारा आधीचेच उचलतो.

समजा, उताऱ्यात असे आहे: 'पाऊस लांबला तरी आबा आभाळाकडे बघत बसले नाहीत. धूळपेरणी उरकून ते बांधबंदिस्तीला लागले.' आबांच्या स्वभावाची दोन वैशिष्ट्ये विचारली, की 'मेहनती आणि चांगले' असे उत्तर हमखास येते. 'मेहनती' चालेल, 'चांगले' कुणालाही लागू पडते. 'हातावर हात धरून न बसणारे' हे पहिल्या वाक्यातून निघते. पाऊस नसतानाही पेरायचे धाडस धूळपेरणीतून दिसते. प्रत्येक विशेषणामागे उताऱ्यातली एक जागा बोटाने दाखवता आली पाहिजे. दाखवता येत नसेल तर ते विशेषण खोडा.

चौकटीत किंवा आकृतिबंधात शब्द अथवा छोटा शब्दसमूह लिहायचा असतो, पूर्ण वाक्य उतरवू नये. 'उत्तर "धूळपेरणी" येईल असा प्रश्न तयार करा' ही कृती सोपी वाटते आणि तिथेच पाय घसरतो. 'आबांनी काय केले?' याची दोन उत्तरे होतात. 'बांधबंदिस्तीआधी आबांनी काय उरकले?' याचे एकच. आणि उत्तराचा शब्द प्रश्नात येऊ देऊ नका.

स्वमतात उताऱ्याचा सारांश पुन्हा लिहिणे ही नेहमीची चूक. पहिल्या वाक्यात आपले मत, मग कारण, मग आजूबाजूचे एक उदाहरण, एवढे पुरते.

आता रसग्रहण. ओळी पाठ्यपुस्तकातल्या असल्यामुळे मार्गदर्शकातले तयार उत्तर पाठ करायचा मोह होतो. ते उत्तर बहुतेकदा सगळ्या कवितेचे असते. विचारलेल्या असतात दोन-चार ओळी. तीन मुद्दे सांभाळायचे: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये. सरावासाठी या दोन ओळी घ्या. विहीर दोराशी बोलते आहे:

दोरा, तू दर उन्हाळ्यात हातभर वाढतोस,
मी मात्र हातभर आटते.

आशय सांगताना 'पाण्याचे महत्त्व सांगितले आहे' असे लिहिले की ओळी हातून निसटल्या. ओळी म्हणतात ते इतके: पाणी दरवर्षी खाली जाते, माणूस दोर लांबवतो, आटणे मात्र थांबत नाही. काव्यसौंदर्यात निर्जीव विहिरीला बोलते केले आहे, म्हणून चेतनगुणोक्ती. पण अलंकाराचे नाव लिहून थांबणे हे अर्धे काम. त्याने काय साधले ते लिहा: टंचाईची तक्रार माणसाऐवजी विहिरीच्या तोंडी आल्याने ती आपल्यावरच रोखली जाते. भाषेत 'हातभर' दोनदा येतो, एकदा वाढीसाठी, एकदा घटीसाठी; 'मात्र'वर ओळ वळते. छंद मुक्त, शब्द घरगुती, सूर संवादाचा.

'कवीने अतिशय सुंदर वर्णन केले आहे' हे वाक्य लिहायची सवय मोडाच. ते कोणत्याही कवितेला चिकटते. सुंदर वाटले ते कोणत्या शब्दामुळे, एवढे सांगितले तरी काम झाले. तीन छोटे परिच्छेद, मिळून दहा-बारा ओळी पुरेत. त्यापुढे कवीचे चरित्र भरू नका.

सरावाला वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतला ललित लेख घ्या. त्यातला एक परिच्छेद निवडून स्वतः चार कृती तयार करा आणि वर्गमित्राला सोडवायला द्या. त्याचे उत्तर तुमच्यापेक्षा वेगळे आले, तर दोघांनी आपापली ओळ दाखवायची. कधी कधी दोन्ही उत्तरे टिकतात. मग कृतीची शब्दरचनाच सैल होती असे समजायचे आणि ती पुन्हा लिहायची.