नदीकाठची मोटार कधी काढावी? संभाव्यता आणि एजंट यांच्या मदतीने निर्णयाचे प्रारूप बांधण्याची रीत

दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठी, चिकोडी आणि निपाणी तालुक्यांतल्या गावांत, पावसाळा जोर धरू लागला की प्रत्येक शेतकऱ्यासमोर एकच प्रश्न उभा राहतो: काठावरची पाणी उपसण्याची मोटार आज काढायची की आणखी एक दिवस थांबायचे? दोर, चेन पुली, चार माणसे आणि ट्रॅक्टर जमवून मोटार वर घ्यावी आणि पाणी चढूच नये, तर खर्च आणि दिवस दोन्ही वाया जातात; घेतली नाही आणि रात्रीत पाणी चढले, तर मोटार, स्टार्टर पेटी आणि पाईप गाळात जातात. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न किती जड आहे हे सांगावे लागत नाही. संभाव्यतेचे प्रारूप (मॉडेल) आणि बुद्धिमान एजंट ही साधने अशाच प्रश्नांसाठी आहेत, आणि ती बांधण्याची रीत या एकाच उदाहरणावरून येथे मांडली आहे.

येथे एजंट म्हणजे दलाल नव्हे. जो भोवतालची माहिती घेतो, तिच्यावरून परिस्थितीविषयी अंदाज बांधतो आणि आपले उद्दिष्ट साधेल अशी कृती निवडतो, तो एजंट. मग तो संगणकातला कार्यक्रम असो की काठावरचा शेतकरी.

पहिले काम संगणकावरचे नाही. निर्णय एका वाक्यात लिहून काढावा. ‘पूर येईल का?’ हा प्रश्न फार सैल आहे. ‘पुढच्या 48 तासांत पाणी माझ्या मोटारीच्या चौथऱ्यापर्यंत येईल का?’ या प्रश्नाचे उत्तर पडताळता येते, कारण चौथरा कोठे आहे हे सर्वांना दिसते.

त्यानंतर कोणत्या गोष्टीमुळे कोणती गोष्ट घडते याचे बाण कागदावर काढावेत. काळम्मावाडी धरणाच्या पाणलोट क्षेत्रात पाऊस झाला की विसर्ग वाढतो आणि दूधगंगा चढते. हा झाला सरळ बाण. परंतु कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेत येते, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर भोगावतीचे पाणी पंचगंगेतून नरसोबावाडीला कृष्णेलाच मिळते, आणि कृष्णा भरून वाहू लागली की दूधगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही व ते मागे तुंबते. म्हणून आपल्या नदीच्या धरणातून फारसे पाणी सुटले नसतानाही, केवळ फुगवट्याने, संगमाजवळच्या काठावर पाणी चढू शकते. हा दुसरा बाण प्रारूपात नसेल तर पुढचे सगळे गणित बरोबर करूनही उत्तर चुकेल. अशा बाणांच्या जाळ्याला बेजियन जाळे म्हणतात. संभाव्यतेवर आधारलेल्या या विचारपद्धतीसाठी ज्युडिया पर्ल यांना संगणकशास्त्रातला 2011 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

सीमाभागात आकडे जुळवण्याचे एक जादा काम असते. वरची धरणे महाराष्ट्रात आणि पाणी चढणारी शिवारे कर्नाटकात, त्यामुळे निम्मी माहिती मराठीत आणि निम्मी कन्नडमध्ये हाती येते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट अशी फुटांत सांगतात, तर खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पूर्ण पातळी 519.60 मीटर अशी मीटरमध्ये. विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आणि साठा टीएमसीमध्ये (अब्ज घनफूट) असतो. दिवसभर 11,574 क्युसेक पाणी सुटत राहिले की 1 टीएमसी होते, एवढे एक गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

आता आकडे घालू. पुढचे आकडे रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. आपल्या गावाचे आकडे जुन्या नोंदींवरून काढावेत. समजा, जुलैच्या उत्तरार्धात कोणत्याही दिवशी पाणी 48 तासांत चौथऱ्याला लागण्याची संभाव्यता 10 टक्के आहे. नदीच्या वरच्या बाजूच्या, कागलकडच्या पाहुण्यांचा फोन आला की नदी वेगाने चढते आहे. पाणी खरोखर येणार असते तेव्हा असा फोन 100 पैकी 80 वेळा येतो, आणि येणार नसते तेव्हाही 20 वेळा येतो. मग 100 दिवसांपैकी पाणी येणाऱ्या 10 दिवसांत 8 फोन आणि न येणाऱ्या 90 दिवसांत 18 फोन, म्हणजे एकूण 26 फोनांपैकी 8 खरे. संभाव्यता 10 वरून 31 टक्क्यांवर आली. थॉमस बेज यांच्या 1763 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातला विचार तो हाच.

येथे एक चूक फार सहज होते. थोड्या वेळाने दुसरा फोन येतो आणि आपण हेच गणित पुन्हा करतो. संभाव्यता 64 टक्के होते. परंतु दोन्ही पाहुण्यांनी एकाच व्हॉट्सअॅप गटातला एकच निरोप वाचलेला असेल, तर दुसऱ्या फोनाने नवीन काहीच सांगितलेले नाही. एका मुळातून आलेली माहिती एकदाच मोजावी, आणि त्यासाठी जाळ्यात निरोपाच्या उगमालाही स्वतंत्र जागा द्यावी. माझ्या मते प्रारूप फसण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

किती टक्क्यांना हलायचे हे खर्चावरून ठरते. मोटार काढून पुन्हा बसवायला 2,000 रुपये आणि बुडाल्यास 20,000 रुपये नुकसान धरले, तर 20,000 चे 10 टक्के म्हणजेच 2,000, म्हणून 10 टक्क्यांच्या वर संभाव्यता गेली की मोटार काढणेच शहाणपणाचे आहे, जरी दहापैकी अनेकदा पाणी येणार नसले तरी.

मात्र एकट्या शेतकऱ्याचे गणित गावाला लागू पडत नाही. गावात 40 मोटारी आणि 3 ट्रॅक्टर असतील, आणि एका मोटारीला दीड तास लागत असेल, तर सगळ्या मोटारी वर यायला सुमारे 20 तास लागतात. अंधारात घसरड्या काठावर कोणी उतरत नाही, म्हणजे प्रत्यक्षात दोन दिवस. सर्वांनी खात्रीची वाट पाहिली तर अंदाज अचूक ठरूनही रांगेतल्या शेवटच्या मोटारी बुडणार. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला प्रारूपात एक एजंट करावे. त्याची मोटार किती उंचीवर आहे, ट्रॅक्टर घरचा आहे की मागावा लागतो, तो कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवतो आणि शेजारच्या दोघांनी मोटार काढल्यावर तोही निघतो का, हे साधे नियम लिहावेत. पायथन या संगणकभाषेत जाळ्यासाठी ‘पीजीएमपाय’ आणि एजंटांसाठी ‘मेसा’ ही मोफत साधने आहेत. जाळ्यातून निघणाऱ्या संभाव्यतेप्रमाणे नदी हजार वेळा चढवून पाहावी आणि दरवेळी किती मोटारी बुडाल्या ते मोजावे. मग नियम बदलावेत: खालच्या टप्प्यावरच्या मोटारी आधी, ट्रॅक्टरची पाळी आदल्या दिवशीच ठरलेली, किंवा एक जादा ट्रॅक्टर. कोणत्या बदलाने नुकसान कमी होते ते येथे कोणाचीही मोटार न बुडवता समजते.

प्रारूप तपासताना 2019 आणि 2021 ची वर्षे आकडे बसवण्यातून बाजूला ठेवावीत आणि नंतर त्यांच्यावर परीक्षा घ्यावी. दर दिवशी सांगितलेली संभाव्यता आणि घडलेली गोष्ट (पाणी आले तर 1, नाही तर 0) यांतल्या फरकाचा वर्ग काढून सरासरी घ्यावी. हाच ब्रायर गुणांक; तो जितका कमी तितका अंदाज चांगला. रोज डोळे मिटून 50 टक्के सांगणाऱ्याचा गुणांक 0.25 येतो, आणि गावातल्या नेहमीच्या प्रमाणाएवढी, म्हणजे 10 टक्के, संभाव्यता रोज सांगणाऱ्याचा 0.09. आपल्या प्रारूपाला या दुसऱ्यापेक्षा कमी गुणांक मिळत नसेल, तर त्याचा निरोप गावात पाठवू नये.

निरोप पाठवताना ‘पूर येणार’ असे लिहू नये. ‘उद्या सायंकाळपर्यंत खालच्या टप्प्यावर पाणी लागण्याची शक्यता 100 पैकी 30, अंदाज सकाळी 7 च्या विसर्गावरून’ असे, वेळ आणि उगम यांसह, मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहावे. पाणी ओसरल्यावर चौथऱ्यावर गाळाची रेघ उरते. ती पुसली जाण्याआधी तिची उंची टेपने मोजून तारखेसह वहीत नोंदवावी, कारण पुढच्या वर्षीची पूर्वसंभाव्यता (फोन येण्याआधी धरायची संभाव्यता) तिच्यावरूनच काढायची आहे.