गेम घेण्याआधी कॉम्प्युटर तपासा, पण दुपारी

जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास मी माझ्या पीसीवर मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स या अजस्र प्राण्यांच्या शिकारीच्या गेमचा फुकटातला बेंचमार्क, म्हणजे मशीनला गेम झेपेल का ते आधीच तपासणारा प्रोग्रॅम, दोनदा चालवला. दोन्ही वेळा निकाल बरा आला आणि मी लगेच ग्रुपवर टाकलं, "घ्या रे, आपलं मशीन ओढतंय." मग मे महिन्यात सुट्टी काढून चौघांनी मिळून पहिली मोठी शिकार लावली. वेळ दुपारी तीनची. अर्ध्या तासानंतर माझा स्क्रीन असा अडखळायला लागला, की समोरच्या धुडानं शेपूट उचललेली दिसायची आणि पुढच्या चित्रात मी आडवा. या गेममध्ये चौघांचं खातं सामाईक असतं, मिळून तीनदा कोणी बेशुद्ध पडलं की शिकार बुडाली. तिन्ही वेळा मीच पडलो. मिरजेचा मामेभाऊ अगदी शांतपणे म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी तू नुसता बघायला बस." म्हणून हे लिहितोय.

आधी कागदावरचं. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे ते टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये दिसतं. ते गेमच्या किमान गरजांशी ताडून बघा, पण 'किमान'चा अर्थ बारीक अक्षरात असतो तोही वाचा. वाइल्ड्सला किमान १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० कार्ड आणि एसएसडीवर ७५ जीबी जागा लागते, आणि एवढं असून मिळतं काय, तर ७२० रेषांचं चित्र १०८० रेषांवर ताणलेलं, सगळ्यात खालची सेटिंग आणि सेकंदाला ३० फ्रेम्स, म्हणजे ३० चित्रं. त्याच्या वरच्या, शिफारशीच्या यादीत ६० फ्रेम्स लिहिलेत ते फ्रेम जनरेशन चालू धरून. म्हणजे दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक बनवलेलं चित्र घुसवायचं. आकडा फुगतो, पण बटण दाबल्यावर तलवार काही लवकर उठत नाही. तेव्हा तपासताना फ्रेम जनरेशन बंद ठेवा आणि खरा आकडा काय येतो तो बघा. माझ्याकडे रायझन ५ ३६०० आणि तेच १६६०, म्हणजे बरोबर उंबऱ्यावर. उंबऱ्यावरच्या माणसानं जास्त तपासायला हवं होतं. मी कमी तपासलं.

रॅमची पट्टी एकच असेल तर दोन करा, एका पट्टीवर प्रोसेसर अर्धपोटी राहतो. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला लावलेली हवी. हसू नका, कार्ड घेऊन वर्षभर जुन्याच भोकात केबल ठेवणारा माणूस आमच्याच गल्लीत आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच तपासा. ड्रायव्हर अपडेट करा. हार्ड डिस्कवर नको, एसएसडीवर टाका. झालं.

काही गेम्सची अट वेगळीच असते. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) दोन्ही चालू लागतात, कार्ड कितीही भारी असो. सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की सिक्युअर बूट चालू आहे की नाही ते दिसतं. बंद असेल तर थेट बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन खाटखुट करू नका. विंडोजची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीनं मांडलेली असेल तर सिक्युअर बूट चालू केल्यावर मशीन सुरूच व्हायचं नाही. आधी ती नव्या जीपीटी पद्धतीची आहे का बघा.

आता मुद्द्याचं. दुपारी तपासा. सलग एक तास तपासा. तुम्ही जिथं बसून खेळणार त्याच खोलीत, दार जसं लावणार तसंच लावून तपासा. मी यातलं एकही केलं नाही.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावर पाणी आलं तेव्हापासून घरातलं जे काही किमती आहे ते वरच्या खोलीत गेलं, आणि वरच्या खोलीवर पत्रा आहे. जानेवारीच्या रात्री त्या खोलीत २३ अंश असतात. मे महिन्याच्या दुपारी तीनला तिथंच ३७. कॅबिनेटमधला पंखा काही एसी नव्हे, तो खोलीतलीच हवा प्रोसेसरवर मारतो. खोली १४ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. रात्री माझा प्रोसेसर ८० वर होता, आणि मी खूश होतो. ८० आणि १४ किती, ही बेरीज करायला मला चार महिने आणि तीन बेशुद्ध्या लागल्या. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे. तिच्याजवळ पोचला की तो जळत नाही, स्वतःच वेग उतरवतो. मशीन बंद पडत नाही, एरर येत नाही, नुसतं अडखळतं. माणूस मग इंटरनेटला शिव्या देतो. मी दिल्या.

बरं, हे पाच मिनिटांत कळत नाही. कॅबिनेटचा पत्रा, आतली हवा, प्रोसेसरवरचं ॲल्युमिनियम हे सगळं तापायला वेळ घेतं. बेंचमार्क काही मिनिटांत संपतो आणि त्यातही बराच वेळ नुसती दृश्यं चालतात, तिथं फ्रेम्स आपोआप जास्त मिळतात आणि सरासरी वर जाते. तेव्हा तोच बेंचमार्क पुन्हा पुन्हा, मध्ये चहाला न उठता, तासभर लावा. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर शेजारी उघडं ठेवा. पाचव्या, विसाव्या आणि साठाव्या मिनिटाला तीन गोष्टी वहीत लिहा: प्रोसेसरचं तापमान, त्याचा वेग आणि फ्रेम्स. पाचव्या आणि साठाव्या मिनिटाचे आकडे सारखे असतील तर पास. तापमान मर्यादेला टेकलंय आणि वेग खाली आलाय, तर नापास, मग रात्रीचा स्कोअर काहीही असो. रात्रीचा स्कोअर मला दाखवू नका. माझ्याकडे स्वतःचा आहे.

नापास झालात तर लगेच नवीन काही विकत घेऊ नका. आधी कॅबिनेट उघडा. आमच्या काकांचा हळदीचा व्यवहार, घरात नमुन्याच्या पिशव्या येतात, त्यामुळं माझ्या पंख्याची पाती अक्षरशः पिवळी निघाली. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. थर्मल पेस्ट तीन-चार वर्षांची असेल तर बदला. पेस्टचा थेंब वाटाण्याएवढा पुरे, श्रीखंड लावल्यासारखी थापायची नाही. कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबल फॅन लावणं दिसायला गावठी आहे, पण काम करतं. खोलीतल्या पाण्याच्या कूलरचं तोंड मात्र कॅबिनेटकडे करू नका, दमट हवा आणि तुषार आत जातात. फ्रेम्सना ४० ची मर्यादा घालून बघा, मशीनला तेवढाच कमी घाम येतो. वडिलांनी शेतातलं पाचट आणून पत्र्यावर पसरलं आणि खोली तीन अंशांनी उतरली. पेस्टपेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला, हे मान्य करायला जड जातंय.

हे सगळं गेम विकत घ्यायच्या आधी. का, तर स्टीमवर, म्हणजे गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, पैसे परत मिळतात ते खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तरच. डाउनलोडचा वेळ त्यात धरत नाहीत, पण गेम पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (चित्रं रंगवायचे छोटे प्रोग्रॅम) तयार होत बसतात तो वेळ धरतात. आपल्या पात्राचं नाक, भुवया, मिशा ठरवत बसाल तोही. मी माझ्या पात्राला आणि त्याच्या मांजराला मिळून पाऊण तास दिला. त्यात भर गेमच्या सुरुवातीच्या कथेची. दोन तासांत तासाची परीक्षा बसवायची म्हटलं तर उरतं काय? म्हणून तासाचा खेळ फुकटातल्या बेंचमार्कवरच उरका. मी जानेवारीत विकत घेतला आणि मे महिन्यात जागा झालो. चौदा दिवस केव्हाच उलटून गेले होते.

इंटरनेटचं उलटं आहे. त्याची परीक्षा रात्री नऊला, घरात टीव्हीवर मालिका आणि दोन मोबाइलवर रील्स चालू असताना. वेग किती एमबीपीएस याला खेळताना फार अर्थ नाही, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) आणि गळती (वाटेत हरवणारा डेटा) बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग शंभरदा मारा. मध्येच आकडा चारपट उडत असेल किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल तर आधी वायफाय सोडून लॅन केबल लावून बघा. आमचा राऊटर खाली आणि पीसी वर, त्यामुळं जिन्यातून वायर ओढली. आई अजून बोलते. डाउनलोडचा हिशेब: ७५ जीबीला ५० एमबीपीएसवर सव्वातीन तासांपेक्षा थोडं जास्त. रोजच्या २ जीबीच्या मोबाइल डेटावर ३८ दिवस, तेवढ्यात खरीप उगवून येतं.

लाइट. साधा ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॅटच्या आसपासच झेपवतो, तेव्हा बेंचमार्क चालू असताना त्याचा प्लग काढून बघा, गेममध्ये नको. राऊटरही यूपीएसवर घ्या, नाहीतर पीसी चालू आणि नेट बंद.

हेडफोन, माइक, विंडोजचे अपडेट खेळायच्या वेळेत येणार नाहीत हे, अँटीव्हायरसचं स्कॅन. बघा तुमचं तुम्ही.

ग्रुपवर "चालतंय" लिहायचं ते शेवटी, वहीतला साठाव्या मिनिटाचा आकडा बघून. आणि हे वाचून आत्ताच बेंचमार्क लावावासा वाटत असेल तर आधी घड्याळ बघा. रात्र असेल तर झोपा.