डर्कची शिंगाची मूठ: या चुका टाळा

स्कॉटलंडच्या हायलँडमधला डर्क म्हणजे कमरेला लावायचा लांब, एकधारी खंजीर. पाते साधारण 12 ते 18 इंच. पुष्कळदा मोडक्या तलवारीतून कापून काढलेले. पहिली चूक आकारातच होते. दुधारी पाते करून वर आडवी परज, म्हणजे हाताला आड येणारी पट्टी, बसवली जाते. डर्कला परज नसतेच. मुठीच्या तळाशी, पात्यालगत, दोन गोलसर फुगवटे आणि वर चकतीसारखा सपाट माथा, एवढेच.

अठराव्या शतकातल्या लाकडी मुठींवरची गुंफलेल्या पट्ट्यांची नक्षी शिंगावर उतरवायचा मोह होतो. तो आवरा. हरणाचे शिंग बाहेरून टणक हाड, आत सच्छिद्र गाभा. टणक थर काही मिलिमीटरचाच. खोल कोरलेत की करडी भोके उघडी पडतात. पातळ सुपरग्लू जिरवून ती बुजतील, डाग मात्र राहतो. शिंगाचा मूळ खडबडीतपणाच देखणा असतो.

मूठ हलते? मग टँग, म्हणजे पात्याचा मुठीत शिरणारा निमुळता भाग, गाभ्यात नुसता ठोकलेला असणार. लालभडक टँग शिंगात घुसवायची युक्ती काही जण सांगतात. तिने भोवतालचा भाग जळून भुसभुशीत होतो आणि मूठ महिन्याभरात सैल. त्यापेक्षा भोक पाडा, मऊ गाभा खरवडून काढा आणि एपॉक्सीत शिंगाचीच भुकटी कालवून पोकळी भरा. ड्रिलखाली जळक्या केसांसारखा वास आला की थांबून शिंग गार होऊ द्या. मास्क हवाच, ही धूळ फुप्फुसांना वाईट.

पाते मुठीच्या एका अंगाला पळत असेल तर शिंगाचा बाक विचारात घेतलेला नाही. शिंगाशी झटापट नको, टँगच बाकाप्रमाणे वाकवा. त्यासाठी पात्याला पाणी देताना, म्हणजे तापवून बुडवून कडक करताना, टँग मऊच ठेवा.

भारतात करणाऱ्यांनी जंगलात पडलेले सांबराचे किंवा चितळाचे शिंग उचलू नये. हरणे शिंगे दरवर्षी गाळतात हे खरे, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती परवानगीशिवाय बाळगणेही अंगाशी येते. म्हशीचे शिंग वापरा. त्यात गाभ्याची कटकटही नाही.

शेवटी टँगचे टोक माथ्यावर ठोकून पसरवताना शिंग तडकते, कारण घाव थेट शिंगावर उतरतो. मध्ये जाड पितळी चकती घाला आणि लहान गोल तोंडाच्या हातोडीने हलके हलके ठोका.