नवा करार वाचताना जुना करार उघडा कसा ठेवावा

बायबलच्या नव्या कराराची यहुदी मुळे जुन्या करारात, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथात, शोधायची असतील, तर आरंभ मार्ककृत शुभवर्तमानापासून, म्हणजे मार्कने सांगितलेल्या येशूच्या कथेपासून, करावा. अवघ्या १६ अध्यायांचे हे पुस्तक दोन बैठकींत वाचून होते. पानाच्या तळाशी जुन्या करारातल्या वचनांचे संदर्भ दिलेली प्रत घ्यावी आणि शेजारी जुन्या कराराची दुसरी प्रत ठेवावी, कारण एकाच ग्रंथात सतत मागेपुढे पाने उलटताना धागा सुटतो.

संदर्भ सापडला की तेवढेच वचन वाचून परतू नये, संपूर्ण अध्याय वाचावा. मार्कच्या पंधराव्या अध्यायात वधस्तंभावरचा येशू ‘एलोई, एलोई, लमा सबख्थनी’ असा आक्रोश करतो. शब्द अरामी असले, तरी ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा जुन्या करारातल्या २२व्या स्तोत्राचा आरंभ आहे. ते स्तोत्र पुढे वाचत गेले की डोकी हलवून टर उडवणारे लोक आणि वस्त्रांसाठी टाकलेल्या चिठ्ठ्या तिथे आधीच भेटतात, आणि मार्कने आपला प्रसंग स्तोत्राच्या शब्दांतच विणला आहे हे ध्यानी येते. विलापाने सुरू झालेले हे स्तोत्र देवाच्या स्तुतीत संपते. त्या आक्रोशात निव्वळ हताशा ऐकायची की शेवटची स्तुतीही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मात्र स्तोत्र न वाचणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही.

शब्द जुळले नाहीत, तर गोंधळू नये. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय पहिल्याच अध्यायात जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचे जे वचन देतो, त्यात ‘कुमारी’ आहे. मूळ हिब्रूत मात्र ‘अल्मा’, म्हणजे तरुण स्त्री. मत्तयाने ग्रीकमध्ये लिहिले, आणि यहुद्यांनी ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून करत आणलेल्या सेप्टुआजिंट या ग्रीक अनुवादात ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, हाच शब्द होता. तो कोणा ख्रिस्ती लेखकाने मागाहून घुसडलेला नाही.

मार्क येशूचे शेवटचे भोजन वल्हांडणाचे, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणाचे, म्हणून सांगतो, तेव्हा जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाचा १२वा अध्याय आधी वाचावा. पुण्यात १८७४ साली छापलेली बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची, मराठी हगादा (वल्हांडणाच्या भोजनाची विधिपोथी) पाहिली की तिचा विधी जसाच्या तसा त्या रात्रीवर बसवण्याचा मोह होतो (मलाही झाला होता). परंतु हा विधी मुख्यतः रोमनांनी इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यानंतर घडत गेला, म्हणून त्यातले द्राक्षारसाचे चार प्याले येशूच्या पंगतीत मांडू नयेत.

‘शास्त्री’ (नियमशास्त्राचे जाणकार) किंवा ‘परूशी’ (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) दिसले की लगेच खलनायक समजू नये. मार्कच्या बाराव्या अध्यायात एक शास्त्री सर्वांत मोठी आज्ञा विचारतो. येशू ‘हे इस्राएला, ऐक’ हे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे ‘लेवीय’ या पुस्तकातले वचन सांगतो. शास्त्री त्याला मनापासून दुजोरा देतो, आणि येशू म्हणतो की तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. हाच प्रसंग मत्तयाच्या २२व्या अध्यायात काढून शेजारी ठेवावा: तिथे विचारणारा परूशी येशूची परीक्षा पाहायला आलेला आहे, आणि त्याचा दुजोराही नाही, येशूची शाबासकीही नाही.